बंद गाडीतली बुरशी आणि कुबट वास: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

जूनमध्ये शेडखाली लावलेली गाडी गणपतीच्या तोंडावर उघडली, की कोकणात घरोघरी तोच प्रकार दिसतो. स्टिअरिंगवर, गिअरच्या मुठीवर, सीटबेल्टवर पांढरट-हिरवट बुरशी, आणि दार उघडताच नाकात शिरणारा कुबट वास. गोव्यात तेच, आंबोली-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांत तेच, आणि मालक परदेशात असल्यामुळे सोसायटीच्या तळघरात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांतही तेच. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. ओल शोषणारे डबे, कोळशाच्या पिशव्या, एसीचा फोम, ओझोन, जेल, परफ्यूम असं बरंच काही समोर येतं, आणि प्रत्येक जण ‘वास कायमचा जाईल’ असं छातीठोकपणे सांगतो. या सगळ्यांचा खरा उपयोग किती, हे इथे मांडलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुबट वास म्हणजे गाडीत कुठेतरी पाणी आहे. जी वस्तू किंवा सेवा ते पाणी बाहेर काढत नाही, तिच्यावरचा खर्च वाया. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम आणि घरातला टेबलफॅन या दोन वस्तू बाकी सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त काम करतात. ओझोन शेवटी. परफ्यूम तर नकोच.

आधी वास कुठून येतो ते बघा

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या घरात असलं, की बुरशीला आणखी काही लागत नाही. किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचंच हवामान. बुरशी प्लास्टिक खात नाही, ती जगते प्लास्टिकवरच्या घामावर, हाताच्या तेलावर, धुळीवर आणि सांडलेल्या खाऊवर. म्हणून ती आधी स्टिअरिंग, हेडरेस्ट, सीटबेल्ट आणि लहान मुलं बसतात त्या मागच्या सीटवर उगवते. गाडी उभी करण्यापूर्वी या जागा ओल्या फडक्याने नीट पुसून सुकवल्या, तर निम्मी बुरशी येतच नाही.

एसी सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं वास येऊन नंतर कमी होत असेल, तर तो कूलिंग कॉइलचा आहे. दार उघडल्या उघडल्या येत असेल, तर सीट, कार्पेट किंवा छताच्या कापडाचा. पाऊस पडून गेल्यावर वाढत असेल, तर पाणी कुठून तरी आत येतंय. तिसरा प्रकार असेल तर बाटल्या मागवण्याआधी गळती शोधा.

पायाखालची मॅट उचला, कार्पेटवर टिश्यू पेपर ठेवा आणि तळहाताने जोर लावून दहा सेकंद दाबा. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा फोम किंवा नमदा पाणी धरून बसलेला असतो. दाबल्यावर टिश्यू ओला झाला, तर खाली एखाद-दोन लिटर पाणी सहज असतं. आपल्याकडे एसीचं युनिट ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतं, त्यामुळे फक्त डावीकडची पुढची बाजू ओली असेल तर पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर घ्या. दमट हवेत एसी चालवून दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली पाणी टपकायला हवं. टपकत नसेल तर पाइप तुंबलाय. खालच्या तोंडातून मऊ वायर हलक्या हाताने फिरवली किंवा हवेचा अगदी कमी दाब दिला, तरी गाळ निघतो. टायरवाल्याकडचा पूर्ण प्रेशर लावला तर आतला पाइप सांध्यातून सुटतो आणि मग डॅशबोर्ड खोलायची वेळ येते. ओल चिकट असेल आणि तिला गोडसर वास असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. अशा वेळी हीटरची कॉइल गळत असते आणि ते काम मेकॅनिकचं.

बाकीच्या गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. वायपरखालच्या जाळीत साचलेला पाला, सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या, दाराच्या पॅडमागचा फाटलेला किंवा सुटलेला प्लास्टिकचा कागद, मागच्या दिव्यांचं गॅस्केट, डिकीचं रबर आणि छतावरच्या अँटेनाचं बूड. तपासायला दोन माणसं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने साध्या पाइपने हळू धार सोडायची. खालून सुरुवात करून वर जायचं आणि प्रत्येक जागेवर तीन ते पाच मिनिटं थांबायचं. वरूनच पाणी ओतलं तर ते सगळीकडे पसरतं आणि खरी जागा कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, चांगल्या रबरातूनही तो पाणी आत घालतो. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघायला विसरू नका. तिथलं पाणी वरच्या जाड पुठ्ठ्यामुळे दिसतच नाही.

पुसायला काय वापरावं

काम मोकळ्या हवेत, चारही दारं आणि डिकी उघडून करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. कोरड्या ब्रशने बुरशी झाडायची नाही, कारण झाडली की तिचे बीजाणू गाडीभर उडतात आणि पंधरा दिवसांनी नव्या जागी उगवतात. आधी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या, फडक्याची बाजू सतत बदला आणि वापरलेली फडकी त्याच बादलीत पुन्हा बुडवू नका. घरच्या साध्या व्हॅक्यूमचंही तसंच आहे. हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर नसेल तर तो एका तोंडाने ओढतो आणि दुसऱ्या तोंडाने उडवतो.

प्लास्टिक आणि रेक्झिनसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेतलेलं पुरतं. फवारा फडक्यावर मारा, डॅशबोर्डवर थेट नको, नाहीतर बटणांच्या फटींतून आत जातं. दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून काढा. आंबट वास एक-दोन दिवस राहतो. तो चालत नसेल तर बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेला बुरशीनाशक स्प्रे घ्या. बाटलीवर हे नाव आणि पृष्ठभाग किती मिनिटं ओला ठेवायचा ते छापलेलं असलं, तर ती बाटली घेण्यासारखी. नुसतं ‘हर्बल अँटिफंगल’ लिहून घटक लपवलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नका. खऱ्या चामड्यावर व्हिनेगरही नको आणि स्पिरिटही नको. चामड्याचाच क्लीनर वापरा आणि नंतर कंडिशनर लावा.

कापडी सीटसाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य लिक्विड डिटर्जंट पुरतं. फेस जास्त झाला तर तो कापडात राहतो, चिकटपणा धरतो आणि बुरशीला पुन्हा खाऊ मिळतो. मऊ ब्रशने एका वेळी एक वीतभर जागा घासा आणि लगेच व्हॅक्यूमने पाणी ओढा. नंतर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून पुन्हा ओढा. या दुसऱ्या फेरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि धुतलेल्या सीटला आठवड्याभरात वास येतो तो त्यामुळेच.

राहिलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड फार चांगलं आहे आणि स्वस्तही. मेडिकलच्या दुकानात ६ टक्क्यांची, म्हणजे २० व्हॉल्यूमची बाटली मिळते. तितकंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. गडद कापडाचा रंग त्याने उतरू शकतो, म्हणून आधी सीटच्या खालच्या बाजूला दहा मिनिटं लावून बघा. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकाच बाटलीत कधीही मिसळू नका, त्यातून डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबणारं पेरासिटिक आम्ल तयार होतं.

घरात सहज सापडतं म्हणून लोक ब्लीच वापरतात. ते टाळाच. कापडाचा रंग जातो, सीटखालचे लोखंडी रूळ गंजतात आणि फोमच्या आत मुरलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. व्हिनेगरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. फिनेल आणि डेटॉलचा वास कापडात इतका बसतो की कुबट वास परवडला म्हणायची पाळी येते.

सीटबेल्टचं काम वेगळं आणि जपून करायचं. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, वर चिमटा लावून अडवा आणि फक्त कोमट साबणाच्या पाण्याने विणीच्या दिशेने पुसा. ब्लीच किंवा तीव्र रसायनाने पट्ट्याचे धागे कमजोर होतात आणि अपघाताच्या वेळी तोच पट्टा तुम्हाला धरणार असतो. पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे बहुधा रात्रभर, चिमटा काढू नका. ओला पट्टा आत गुंडाळला गेला तर बुरशी गुंडाळीत वाढते आणि दिसतही नाही.

छताचं कापडही नाजूक. ते पातळ फोमवर चिकटवलेलं असतं. भिजवलं की गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. ओलसर फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. स्टीमची नळी तर छताजवळ नेऊच नका.

कार्पेट उचलल्याशिवाय सुटका नाही

फोम ओला असेल तर वरून काहीही ओता, वास जात नाही. पुढची सीट काढावी लागते. बहुतेक गाड्यांत ती चार बोल्टवर असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा आणि मगच सीटखालचे कनेक्टर काढा. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा किंवा बेल्टच्या टेन्शनरचा असतो. तो सुटलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका, एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. हे करायची सवय नसेल तर सीट उतरवून घ्यायचं काम सीट कव्हरच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये द्या. दोघा माणसांचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या सरळ वर ओढून निघतात. दोन-चार क्लिपा तुटणारच, आधीच आणून ठेवा. कार्पेट कापू नका. कडेने उचलून खाली लाकडाचा ठोकळा घाला, फोम हाताने दाबत व्हॅक्यूमने पाणी ओढा आणि मग टेबलफॅन थेट त्या फटीत लावा. उघडीप असेल तर २४ तास, पावसाळी हवेत ४८ तास किंवा जास्तच. बंद गॅरेज असेल तर कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, तिथे सोन्यासारखा चालतो. पेल्टिअरवाली (कॉम्प्रेसर नसलेली) छोटी यंत्रं मात्र दिवसाला जेमतेम काहीशे मिलिलिटर पाणी काढतात, या कामाला ती अपुरीच. नमदा काळा पडून हातात भुगा होत असेल तर तेवढा तुकडा काढून नवा बसवा, धुण्यात वेळ घालवू नका. खालचा पत्रा उघडाच आहे तर गंज बघून घ्या. वरवरचा असेल तर घासून प्राइमर मारता येतो.

या कामाला १५-२० लिटरचा ओला-सुका व्हॅक्यूम लागतो. साधारण चार ते आठ हजारांत मिळतो आणि घरातही वापरात राहतो. या विषयातली ही सर्वात योग्य खरेदी. एकदाच लागणार असेल तर भाड्याने किंवा शेजारच्या वॉशिंग सेंटरकडून घ्या.

एसीचा फोम आणि धुराचा डबा

आधी केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा फिल्टर, बदला. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, काही जुन्या स्वस्त मॉडेलांत तो नसतोच. ओला झालेला कागदी फिल्टर उन्हात वाळवून पुन्हा घालू नका.

एसी साफ करायच्या फोमचा डबा तीनशे ते सातशे रुपयांत मिळतो आणि कॉइलच्या वासावर तो खरंच चालतो, पण नळी कॉइलपर्यंत पोचली तरच. पुढच्या जाळ्यांतून फवारलेला फोम कॉइलपर्यंत जातच नाही, वाटेत डक्टमध्ये साचतो. फिल्टर काढलेल्या जागेतून किंवा खालून ड्रेन पाइपमधून नळी आत सरकवा. इंजिन आणि ब्लोअर बंद असू दे. ब्लोअरची मोटर आणि तिचा रेझिस्टर कुठे आहे ते आधी बघून घ्या, फोम तिथे गेला तर पंख्याचे स्पीड बिघडतात. १५ ते २० मिनिटांनी खाली मळकट पाणी गळायला लागतं. ते गळलं नाही तर ड्रेन पाइप तुंबलेलाच आहे, आधी तो मोकळा करा. मग एसी न लावता पंखा जोरात दहा-पंधरा मिनिटं चालवून कॉइल सुकवा आणि शेवटी नवा फिल्टर घाला.

धुराचा डबा, म्हणजे गाडीत ठेवून जंतुनाशक धूर सोडायचा डबा, वापरायला सोपा आहे. काचा बंद, हवा आतल्या आत फिरणारी, एसी थंड, पंखा जोरात आणि माणसं बाहेर. पण तो साचलेला मळ धुऊन काढत नाही. फोमनंतरची शेवटची फेरी म्हणून ठीक, एकटाच वापरला तर वास महिन्याभरात परत. गाडी रोज वापरात आली की पोचायच्या आधी तीन-चार मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. कॉइल सुकून थांबते आणि या डब्यांची गरज फार कमी लागते.

ओझोन आणि डिटेलिंगची दुकानं

मशीनने गाडीत सोडला जाणारा ओझोन वायू वासाचे रेणू मोडतो, हे खरं आहे. सिगारेटच्या किंवा साफ केलेल्या गाडीत रेंगाळणाऱ्या शेवटच्या वासावर त्याचा उपयोग होतो. पण ओल्या फोममध्ये तो शिरत नाही. म्हणून ओल न काढता मारलेल्या ओझोनचा परिणाम चारच दिवस टिकतो आणि ग्राहकाला वाटतं मशीन खोटं. करायचाच तर गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर, ३० ते ६० मिनिटं, एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवून. गाडीत माणूस, जनावर किंवा झाड नको. नंतर सगळी दारं उघडून किमान तासभर हवा खेळू द्या. ओझोनने घसा आणि छाती जळजळते, आणि पुन्हा पुन्हा मारला तर रबराला चिरा पडतात. वर्षभर दर महिन्याला ओझोन मारायचं पॅकेज विकणाऱ्याला नकार द्या.

डिटेलिंगच्या दुकानात आतली सफाई शहर आणि गाडी बघून दीड ते चार हजारांत होते. चांगलं दुकान ओळखायला दोन प्रश्न पुरतात: कार्पेट उचलणार का, आणि गाडी किती तासांनी परत देणार? ‘दोन तासांत घेऊन जा’ म्हणणारा स्टीम मारून, वरून पुसून, सुगंध फवारून देतो. स्टीम स्वतःच पाणी आहे. मागून लगेच ओढून घेतलं नाही तर सीटच्या आत नवी ओल जाते. पावसाळ्यात गाडी किमान एक रात्र ठेवून घेणाऱ्याकडेच काम द्या, आणि ताब्यात घेताना तोच टिश्यू पेपर कार्पेटवर दाबून बघा.

ओल शोषणारे डबे: हिशेब करून बघा

गाडीतली हवा साधारण ३ घनमीटर. ३० अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी, म्हणजे अख्ख्या गाडीच्या हवेत ८० ग्रॅमच्या आत. कार्पेटखाली मात्र दोन लिटर. त्यामुळे ओल्या गाडीत डबा ठेवणं व्यर्थ, आणि कोरड्या करून बंद ठेवलेल्या गाडीत तोच डबा फार कामाचा.

कॅल्शियम क्लोराइडचा ३०० ग्रॅमचा डबा दमट हवेत साधारण ६०० मिलिलिटर पाणी ओढतो. किंमत दीड-दोनशे रुपये, काम पहिल्या नंबरचं. एकच दोष आहे, पण मोठा. जमा झालेलं खारट पाणी सांडलं तर ते कधी नीट सुकत नाही आणि लोखंड गंजवतं. म्हणून डबा खोल घमेल्यात, सपाट जागी, पायाखाली ठेवा. सीटवर किंवा हँगरवर लटकवू नका, आणि गाडी हलवण्याआधी बाहेर काढा. दोन डबे ठेवले तर महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन बघायला हवं.

सिलिका जेल दमट हवेत वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी घेते, म्हणजे किलोला तीनशे मिलिलिटर. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते आणि सांडायची भीती नाही. निळी घेऊ नका, तिच्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घ्या.

कोळशाच्या पिशव्या वास धरतात, ओल नाही. जाडं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वरच पाणी ओढतं, त्यामुळे बुरशी थांबायला हवी तितकी हवा ते कोरडी करू शकत नाही, उलट पाझरून पत्रा गंजवतं. कळीचा चुना कपाटात चालत असे, गाडीत नको: पाणी लागलं की तापतो आणि उडालेली भुकटी डोळ्यांत जाते. मॅटखाली वर्तमानपत्रं घालायची जुनी पद्धत मात्र चांगली आहे, दर आठवड्याला बदलणारं माणूस असेल तर.

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आत काचेजवळ, बाहेरून दिसेल असा ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर निवांत राहा. सलग ७० च्या वर गेला की डबे भरलेत किंवा पाणी आत येतंय.

आणि कव्हर. वॉटरप्रूफ म्हणून विकलं जाणारं जाड, न श्वसणारं कव्हर शेडखालच्या गाडीवर घालणं म्हणजे ओल आत कोंडणं. छप्पर असेल तर हवा जाऊ देणारं सुती किंवा न विणलेल्या कापडाचं कव्हर घ्या, नाहीतर उघडीच ठेवा. गावी कुणी असेल तर त्यांना सांगून ठेवा: उघडीप मिळाली की चारही दारं दोन तास उघडायची, इंजिन सुरू करून एसी आणि नंतर नुसता पंखा वीस मिनिटं चालवायचा. इंजिन सुरू असताना शेड मोकळी असू दे, आणि पाऊस पडत असेल त्या दिवशी दारं उघडू नयेत.